दुसरे माप

दातवाल्यांकडे शिडी मागा, छत्री मागा, वेळ पडली तर आजाऱ्याच्या उशाशी बसायला सोबत मागा. फक्त बुद्धिबळाचा डाव मागू नका, असे त्यांच्या इमारतीतले शेजारी म्हणत असत. त्या म्हणण्यात राग नव्हता, अनुभव होता. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर लांबलचक आजारातून उठले, तेव्हा त्यांना विरंगुळा म्हणून दातवाले पट घेऊन गेले आणि समोरचा चहा निवायच्या आत मात करून उठले. पोस्टमास्तरांच्या पत्नीने त्यांना दाराशी गाठून म्हटले, की माणूस आत्ता कुठे अंथरुणातून उठलाय, थोडी दयामाया दाखवायची. दातवाले गंभीरपणे उत्तरले, की दाखवली. आपण वजिराशिवायच खेळलो.

नुकती शाळेत जाऊ लागलेली त्यांची नात त्यांच्याशी खेळायला बसे आणि हरली की भोकाड पसरी. ते पट बाजूला सारून तिला जवळ घेत, तिचे नाक पुसत, ती शांत झाली की सोंगट्या पुन्हा मांडत आणि तिला पुन्हा हरवत. हा माणूस आरशासमोर बसला तरी आरशाला हरवूनच उठेल, असे एका शेजाऱ्याचे मत होते. त्यांच्या पत्नीजवळ मात्र याहून जुनी गोष्ट होती. लग्नाचे विचारायला ते प्रथम तिच्या घरी गेले, तेव्हा तिच्या वडिलांनी पट पुढे केला. वडिलांना हरायची सवय नव्हती आणि हे घरातल्या प्रत्येकाने डोळ्यांनी, खोकून, एकाने तर टेबलाखालून पाय दाबून पाहुण्याला कळवले होते. पाहुण्याने बेधडक मात केली. वडिलांनी सोंगट्या डबीत भरल्या. पाहुणा गेल्यावर म्हणाले, “हा मुलगा तोंडदेखलं वागणार नाही. होकार कळवा.” बाई सांगत, की माझा संसार बाबांच्या एका हरण्यावर उभा आहे.

दातवाले हे लोकांनी त्यांना दिलेले नाव. ते दात काढत नसत, बनवत असत. घराच्या मागच्या खोलीत खिडकीलगत एक लांब बाक होता. त्यावर मेणाच्या वड्या, स्पिरिटचा दिवा, चिमटे, कानशी आणि झिलई देण्याचे एक घरघरते चाक. प्लास्टरची पांढरी भुकटी त्यांच्या भुवयांवर इतकी कायमची बसलेली असे, की त्या खऱ्याच पांढऱ्या झाल्या तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही. गावातले दंतवैद्य रुग्णाच्या जबड्याचे माप घेत आणि त्यांच्याकडे पाठवत. माप म्हणजे धातूच्या पाळ्यात घट्ट झालेला गुलाबी लगदा आणि त्यात उमटलेला हिरड्यांचा ठसा. त्या ठशावरून ते कवळी घडवत. ज्याच्या तोंडात ती बसायची तो माणूस त्यांना कधी दिसत नसे, आणि दंतवैद्यही क्वचितच. पण माप घेताना वैद्याचा हात हलला असेल, तर हिरडीच्या काठाची रेघ दुहेरी उमटते, आणि ती रेघ त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मग ते फोन करून एवढेच सांगत, की दुसरे माप पाठवा. पहिल्या मापावरून ते कुणाला नावे ठेवत नसत. रुग्ण खोकला असेल, खुर्ची हलली असेल, बाहेर कुणी दार आपटले असेल. दुसऱ्या मापातही रेघ दुहेरी दिसली, की मात्र ते त्या वैद्याविषयी मनाशी काय ते ठरवून टाकत आणि पुढे आयुष्यभर त्या मतावर राहत. आपल्या बायकोची दाढ त्यांनी ज्याच्याकडून काढून घेतली, तो वैद्य त्यांनी असाच, एकदाही न भेटता निवडला होता.

बाई रफूचे काम करत. कोटाला सिगारेटने पडलेले भोक, शालीला उंदराने पाडलेले खिंडार, खिळ्यात अडकून फाटलेली बाही, हे सगळे त्यांच्याकडे येई आणि जाताना कुठे फाटले होते ते गिऱ्हाइकालाच आठवावे लागे. हे सारे त्यांनी एका डोळ्यावर केले. उजवा डोळा लहानपणीच, खेळताना तारेचे टोक लागून गेला होता. त्याविषयी त्या कधी हळहळत नसत. सुई ओवायला माणूस तसाही एक डोळा मिटतोच, माझा आपोआप मिटलेला आहे, असे म्हणत. पण आता त्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू धरला होता. इतरांच्या दृष्टीने ते ऑपरेशन म्हणजे सकाळी जाऊन दुपारी घरी येण्याचे काम. दोन डोळ्यांच्या माणसाला ते तसेच असते. बाईंच्या बाबतीत काही चुकले, तर चुकीला दुसरी जागाच नव्हती. म्हणून त्या आज नको, उद्या बघू, थंडी सरू दे, असे म्हणत चालढकल करत राहिल्या. एके दिवशी त्यांनी एका काळ्या कोटाला गडद निळ्या दोऱ्याने रफू केले. गिऱ्हाइकाला कळले नाही. घरी आलेल्या लेकीला कळले. लेकीने ते हळूच वडिलांना सांगितले, आणि त्यांनी त्याच आठवड्यात चौकशी सुरू केली.

गावात डोळ्यांचे डॉक्टर अनेक होते. ज्यांचे नाव सगळ्यांच्या तोंडी आले, ते चाळिशीतले, अबोल, बाहेर शिकून परत आलेले गृहस्थ होते. दातवाल्यांनी विचारले त्या प्रत्येकाने एकच सांगितले, की त्यांच्या हाताला तोड नाही. तपासणीसाठी बाईंना त्यांचा धाकटा भाऊ घेऊन गेला, कारण त्या दिवशी दातवाल्यांचे प्लास्टर ओतून तयार होते आणि ते माणसासारखे थांबत नाही. ऑपरेशन मंगळवारचे ठरले. म्हणजे डॉक्टरांनी बाईंना पाहिले, मेहुण्याला पाहिले; दातवाले आणि डॉक्टर यांनी एकमेकांना पाहिलेच नव्हते.

त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बुद्धिबळाची वार्षिक स्पर्धा सुरू होत होती. दातवाले दरवर्षी खेळत आणि बहुधा पहिल्या दोघा-तिघांत येत. या वर्षी जाऊ नये असे त्यांच्या मनात होते, पण बाईंनीच हट्ट धरला. घरात बसून माझ्या तोंडाकडे बघत बसाल, त्यापेक्षा गेलेले बरे, असे त्यांचे म्हणणे पडले. शुक्रवारी संध्याकाळी मेहुणा जिना चढून धापा टाकत आला. तो विमा विकत असे आणि सर्वांना खूश ठेवणे हा त्याच्या धंद्याचाच भाग होता. पहिल्या फेरीच्या जोड्या लागल्या आहेत, असे तो म्हणाला. अशा स्पर्धेत पहिल्या फेरीला बलवान खेळाडूंसमोर कच्चे खेळाडू येतात. दातवाल्यांसमोर जे कच्चे खेळाडू आले होते, ते बाईंचे डॉक्टर होते. कॉलेजात असताना खेळत असत म्हणे. यंदा पुष्कळ वर्षांनी हौस म्हणून नाव दिले होते.

मेहुण्याने खुर्ची ओढून घेतली आणि मुद्द्याला हात घातला. “भाऊजी, एक डाव हरलात तर आभाळ कोसळणार आहे का?”

“तुझं काय जातंय हरायला,” दातवाले म्हणाले.

“माझं नाही, ताईचं जातंय. शनिवारी तुम्ही त्या माणसाला लोळवणार आणि मंगळवारी तोच तिच्या डोळ्यात हात घालणार. माणसाचं मन असतं, भाऊजी. निदान बरोबरी तरी करा. नाहीतर सांगून टाका तुम्ही कोण आहात, म्हणजे तेच काय ते समजून घेतील.”

दातवाल्यांनी दोन्ही गोष्टींना नकार दिला. पटावर ओळखपाळख काढायची नसते, आणि मुद्दाम हरणे म्हणजे समोरच्याच्या तोंडात खोटी कवळी... इथे ते थांबले, कारण खऱ्या कवळीचे उदाहरण त्यांना सुचेना. मेहुणा हसला, बाईही हसल्या. बाईंनी मग सुई कापडात खोचून ठेवली आणि म्हटले, की मी काही सांगणार नाही, तुम्ही नेहमीसारखे खेळा. फक्त फार वेळ छळू नका बिचाऱ्यांना. हे दातवाल्यांना पटले. दात काढायचा तर एका झटक्यात काढावा, हलवत बसू नये. पटकन आणि नीटसपणे जिंकायचे, हात मिळवायचा आणि निघायचे, असे ठरवून ते झोपले.

सभागृहात लांब टेबले मांडली होती. भिंतीवर वाचनालयाच्या माजी अध्यक्षांच्या तसबिरी रांगेने लटकत होत्या आणि त्या सर्वांचे चेहरे डाव हरलेल्यांसारखे होते. पंच हे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी मऊ तळव्यांचे बूट घातले होते आणि ते टेबलांमधून असे फिरत, की खेळाडूला ते दिसण्याआधी त्यांची सावली दिसे. पहिल्या टेबलाशी डॉक्टर आधीच येऊन बसले होते. त्यांनी अर्धवट उठून नमस्कार केला. दातवाल्यांनी नमस्कार केला, बसले, आणि दोघांचा वेळ वेगवेगळा मोजणारे घड्याळ सुरू झाले.

पहिली खेळी दातवाल्यांची होती. ती त्यांनी केली. डॉक्टरांनी उत्तरादाखल घोडा उचलला आणि तो आपल्या प्याद्यांच्या डोक्यावरून पलीकडे नेताना त्यांचा हात थरथरला. घोड्याचा तळ शेजारच्या प्याद्यावर टिकटिक वाजत राहिला. प्यादे आडवे झाले. “सरळ करतो,” असे पुटपुटत त्यांनी ते उभे केले, तर उंट कलंडला.

दातवाल्यांना दुहेरी रेघ दिसली. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. त्या वेळी त्यांचा चेहरा नेहमीसारखाच, प्लास्टरचा होता. रुग्ण खोकला असेल, खुर्ची हलली असेल, असे त्यांनी मनाला समजावले. इतक्या वर्षांनी स्पर्धेत बसला आहे, पहिले टेबल आहे, लोक बघताहेत. पण पुढची खेळीही तशीच झाली, आणि त्यापुढचीही. खेळी कागदावर लिहिताना पेनाचे टोक कागदाशी लढत होते. पाण्याचा पेला उचलला तो दोन्ही हातांनी. अवघा गाव ज्या हाताची वाखाणणी करत होता, तो हात समोर टेबलावर पालथा पडला होता आणि त्याची बोटे पाण्यावरच्या पानासारखी हलत होती. आणि मंगळवारी तो हात, ज्या डोळ्याला जोडीदार नाही अशा डोळ्यात जाणार होता.

थोड्याच खेळ्यांत डॉक्टरांनी एक घोडा निराधार सोडला. तो मारला, की मागोमाग वजीरही अडकत होता. दातवाल्यांना ते दिसले, जसे रस्त्यावर पडलेले नाणे दिसते. एरवी त्यांनी तो घोडा श्वास घेण्याइतक्या सहजतेने उचलला असता. डॉक्टर हार मानून उठले असते आणि सगळे ठरल्याप्रमाणे एका झटक्यात संपले असते. दातवाल्यांचा हात घोड्याच्या दिशेने निघालाही, पण वाटेत थांबला. डाव इथे संपला, तर हाताविषयी जे कळले तेवढेच कळून राहणार होते. हा हात बसल्या जागी थरथरतो हे दिसले. खऱ्या अडचणीत सापडल्यावर काय करतो ते दिसले नव्हते. एका मापावरून त्यांनी आजवर कुणाचा निकाल लावला नव्हता. त्यांनी हात मागे घेतला आणि राजापासून दूरच्या कडेचे एक प्यादे उगाच एक घर पुढे सरकवले.

नेमक्या त्याच वेळी पंचांची सावली पटावर पडली. ते थबकले. स्वतः मुरलेले खेळाडू असल्याने त्यांना फुकट उभा असलेला घोडा दिसला, सरकलेले प्यादे दिसले. त्यांनी दातवाल्यांकडे एकदा पाहिले, घसा खाकरला आणि पुढे गेले.

त्यानंतर दातवाले जे खेळले ते बुद्धिबळ नव्हते; ती परीक्षा होती, आणि परीक्षार्थीला तिचा पत्ता नव्हता. ते डॉक्टरांपुढे एकामागून एक पेच टाकू लागले. ज्यातून सुटता येईल पण सहज सुटता येणार नाही, असे पेच. एक सुटला की दुसरा. प्रत्येक वेळी डॉक्टर कपाळाला हात लावून बराच वेळ विचार करत, त्यांचे घड्याळ पळत राही, आणि दातवाले पटाकडे न पाहता त्यांच्या बोटांकडे पाहत. बोटे हलतच होती. शेजारच्या टेबलावरचे डाव संपले, लोक उठून जाऊ लागले. काही जण पहिल्या टेबलाभोवती जमले, कारण दातवाल्यांचा पहिल्या फेरीचा डाव इतका लांबल्याचे कुणी पाहिले नव्हते. दाराबाहेर मेहुणा वर्तमानपत्राआड उभा होता. डॉक्टरांनी ओळखू नये म्हणून त्याने ते इतके वर धरले होते, की जाणारे-येणारे त्याच्याकडेच बघत होते.

दातवाल्यांच्या मनात तोवर दुसरा हिशेब सुरू झाला होता. बाईंना काय सांगायचे? दोन वर्षे टाळून अखेर मनाची तयारी केलेल्या बाईला सोमवारी सांगायचे, की जाऊ नकोस? कारण विचारले तर? खरे सांगितले, तर ती पुन्हा कोणत्याही डॉक्टरच्या दारात पाऊल ठेवणार नाही. आणि न सांगता तिला त्या हाती सोपवणे तर त्यांच्याने होणार नव्हते. दुहेरी रेघ दिसत असताना कवळी ओतण्यासारखेच ते होते.

डॉक्टरांच्या घड्याळात आता अगदी थोडा वेळ उरला. नियमानुसार अशा वेळी खेळी लिहावी लागत नाही. त्यांनी पेन खाली ठेवले, बाही किंचित वर सारली आणि खुर्ची पुढे ओढली. दातवाल्यांनी नवा पेच टाकला, आतापर्यंतचा सगळ्यात वाईट. डॉक्टरांनी क्षणभर पाहिले आणि हात पुढे केला.

हात हलत नव्हता.

बोटांनी हत्ती वरून, अलगद, कळी खुडावी तसा उचलला. शेजारच्या सोंगट्यांना वाराही लागला नाही. हत्ती नेमका घराच्या मध्यावर उतरला. त्याच हाताने घड्याळाची कळ दाबली, तीही आवाज न होता. दातवाल्यांनी घाईने काहीतरी खेळी केली, केवळ तो हात पुन्हा पाहायला मिळावा म्हणून. तो पुन्हा आला आणि पुन्हा तसाच, शांत. वेळ जितका कमी होत गेला, तितका तो हात जणू जागेवर येत गेला. चेहरा घामेजला होता, ओठ घट्ट मिटले होते, पायही टेबलाखाली हलत होता. हात मात्र त्या सगळ्यांपासून वेगळा, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा, आपले काम करत होता. दातवाले सांगत, की त्या वेळी काळजावरचा धोंडा असा उतरला, की त्याचा आवाज सभागृहात ऐकू गेला असेल असे आपल्याला वाटले. खोलीत किती उजेड आहे, हे त्यांना तेव्हा प्रथम जाणवले.

त्याच शांत हाताने डॉक्टरांनी आपला वजीर उचलला, सरळ दातवाल्यांच्या शेवटच्या रांगेत नेला आणि तिथला हत्ती मारून राजाला शह दिला. दातवाल्यांनी वजीर मारला. दुसरे काही करता येतच नव्हते. मागून डॉक्टरांचा हत्ती आला, शेवटच्या रांगेत उभा राहिला आणि पुन्हा शह दिला. दातवाल्यांनी पटाकडे, बऱ्याच वेळाने, नीट पाहिले. त्यांचा राजा आपल्याच तीन प्याद्यांमागे कोंडला होता. त्याला निसटायला घर नव्हते. राजासाठी एक खिडकी आधी उघडून ठेवा, हे ते शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगत. इतका वेळ हाताकडे पाहण्याच्या नादात ती खिडकी उघडायची राहून गेली होती. मात झाली होती.

त्यांनी राजा आडवा केला आणि हात पुढे केला. डॉक्टरांचा हात त्यांनी रिवाजापेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला. तो कोरडा होता. सुटल्यावर डॉक्टरांनी पाण्याचा पेला उचलला, आणि तो पुन्हा थरथरू लागला. दातवाल्यांची नजर तिथे गेलेली पाहून डॉक्टर ओशाळले.

“लोकांत बसलो की होतं असं,” ते म्हणाले. “लहानपणापासून. वेळ असला की हात थरथरतो, वेळ संपत आला की विसरतो. माझी आई म्हणायची, तुला कायम घाईत ठेवायला हवं.”

दातवाले हसले. भोवतीच्या लोकांनी ते हसताना पाहिले आणि आपापला अर्थ काढला. हरलेला माणूस असा मनापासून हसत नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतीत पोहोचली. तिच्यासोबत पंचांनी पाहिलेल्या फुकट घोड्याची गोष्टही पोहोचली, आणि मग कुणाला शंका उरली नाही. पोस्टमास्तर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, की आमच्या आजारपणात तर एवढा मोठेपणा दिसला नव्हता. मेहुणा आनंदाने फुलून गेला होता. “मानलं तुम्हाला, भाऊजी,” असे तो जेवताना, जेवून झाल्यावर आणि जिना उतरताना खालूनही म्हणाला. आपल्या सांगण्याचा परिणाम झाला, अशी त्याची खात्री होती, आणि तो ती कुणालाही नाकारू देणार नव्हता.

बाईंना मात्र ते लागले. त्यांनी काही बोलून दाखवले नाही. ताट वाढताना वाटी थोडी जोरात ठेवली, एवढेच. झोपताना त्या दिवा मालवून म्हणाल्या, की माझ्या बाबांसमोरही तुम्ही वाकला नव्हता. खुलासा दातवाल्यांच्या जिभेच्या टोकावर होता, पण तो करायचा तर थरथरणाऱ्या हाताची गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती अशी गोष्ट आहे की तिचा पूर्वार्धच माणसाच्या लक्षात राहतो. म्हणून त्यांनी सगळे गिळले: मेहुण्याचे कौतुक, पोस्टमास्तरांचा टोमणा, बायकोचा अबोला. रविवारी त्यांनी उरलेल्या सगळ्या फेऱ्या जिंकल्या, त्यामुळे लोकांचा संशय आणखीच पक्का झाला. आणि इतके सगळे असूनही शनिवारी रात्री त्यांना गाढ झोप लागली, याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले.

मंगळवारी ऑपरेशन झाले. दातवाले खालच्या दालनात बसून होते. वरून परिचारिका येऊन सांगून गेली, की व्यवस्थित पार पडले, उद्या पट्टी काढू. डॉक्टर दुसऱ्या रुग्णात होते, भेटले नाहीत. बुधवारी सकाळी बाईंना घेऊन दातवाले आणि मेहुणा पुन्हा गेले. लहानशी खोली, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, फिरते स्टूल. डॉक्टर आत आले, मेहुण्याला ओळखून मान हलवली, आणि मग त्यांची नजर दातवाल्यांवर गेली. ती तिथेच राहिली. काही बोलावे असे त्यांनी ओठ उघडले, पण आधी काम म्हणून ते बाईंसमोर बसले. दातवाल्यांनी सवयीने हाताकडे पाहिले. हात स्थिर होता. पट्टी सुटली, चकती निघाली, डॉक्टरांनी औषधाचे थेंब घालून कापसाने पापणी पुसली आणि सावकाश उघडायला सांगितले.

बाईंनी डोळा उघडला. थोडा वेळ त्या नुसत्या मिचकावत राहिल्या. मग त्यांची नजर खिडकीवर गेली, तक्त्यावर गेली, आणि शेवटी नवऱ्यावर येऊन थांबली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ही कॉलर उसवलीय. हेच घालून आलात चारचौघांत?”

मेहुण्याने तोंड फिरवून रुमाल काढला. दातवाल्यांनी कॉलर चाचपून पाहिली. खरेच दोन टाके सुटले होते, पांढऱ्यावर पांढरे. डॉक्टरांनी बाईंना तक्त्यावरची अक्षरे वाचायला लावली. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत त्या अडखळल्या नाहीत.

कागदावर औषधे लिहून झाली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले, पण ते उठले नाहीत. पडलेल्या आवाजात त्यांनी सांगितले, की शनिवारी घरी गेल्यावर आपण तो डाव सगळ्यांना मांडून दाखवला. आईला फोन करून सांगितले. इतक्या वर्षांत आपल्या हातून असे काही घडले नव्हते. आता हे नाते कळल्यावर त्यातले काय खरे धरायचे, ते समजत नाही. मेहुणा लगबगीने काहीतरी गोड बोलायला पुढे झाला, पण बाईंनी त्याला हातानेच थांबवले. त्यांचाही नवा डोळा नवऱ्यावर रोखलेला होता.

“काका, राग मानू नका,” डॉक्टर म्हणाले. “पण खरं सांगा. ऑपरेशन माझ्याकडे होतं म्हणून तुम्ही डाव सोडलात ना?”

दातवाल्यांनी उसवलेली कॉलर नीट केली आणि म्हणाले, “सोडला नाही, हरलो. तुमचा हात थरथरत होता, तो थांबतो की नाही ते बघत बसलो आणि राजाकडे बघायचं राहून गेलं. थांबला नसता, तर डाव मी जिंकलो असतो आणि हिला तुमच्या दारात उभी केली नसती.”